गाणं त्यांचं, पट्टी आपली!

मैत्रिणींनो, अगदी खरं सांगा. तुमच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली नाहीतर कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळलेली एखादी बाजाची पेटी आहे ना? लग्नाआधी हौसेने घेतलेली, चार दिवस वाजलेली आणि मग पाहुण्यांच्या गाद्यांखाली गेलेली? माझी होती. चांगली सहा वर्षं होती. ती वर का गेली आणि खाली कशी आली, ती हकिगत आज सांगणार आहे. कारण ही गोष्ट माझ्या एकटीची नाही, असं मला पक्कं वाटतं.

लग्न होऊन मी लातूरहून नांदेडला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. कोजागिरीला एका महिला मंडळाचा कार्यक्रम होता. ‘नव्या सूनबाई गातात म्हणे’, अशी बातमी सासूबाईंनीच कौतुकाने पसरवली होती. मी प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या. लताबाईंचं एक भावगीत निवडलं. पंधरा दिवस पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना कानाशी तेच. एकेक मुरकी, एकेक हरकत घोटली. कार्यक्रमात पेटीवाल्या काकांनी विचारलं, “पट्टी कोणती, ताई?” मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “रेकॉर्डचीच!”

धृपद कसंबसं निभावलं. अंतऱ्याला वरच्या सुरांत गेले आणि आवाज असा फाटला म्हणता! दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या अंतऱ्याला तर शब्दच फुटेना. मसाला दूध घेताना एक बाई सहज म्हणून गेल्या, “लताबाईंचं गाणं लताबाईंनाच शोभतं हो.” त्या काही वाईट नव्हत्या, पण ते वाक्य काट्यासारखं रुतलं. घरी येताना हे काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली.

लातूरला आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “जाऊ दे गं. माझंही असंच झालं होतं.”

मग आठवू लागले. माझी आजी जात्यावर बसली की ओवीमागून ओवी म्हणायची. सूर चढला, उतरला, कुणी विचारत नव्हतं. आई स्वयंपाकघरात छान गायची. पण घरात टेपरेकॉर्डर आला, कॅसेटी आल्या, तशी ती कॅसेटच्या मागे मागे, खालच्या आवाजात गुणगुणू लागली. पुढे पुढे नुसती ऐकू लागली. आणि मी तर तोंडच मिटलं. आजी गात होती, आई गुणगुणत होती, मी गप्प. तीन पिढ्यांत हे काय झालं?

“गाणं काय छताला बांधलंय?”

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी बाईंनी मला समूहगीताला जुंपलं. ‘शिवकल्याण राजा’मधलं गाणं बसवायचं ठरलं. शिवराज्याभिषेकाला 300 वर्षं झाली, त्या 1974 साली हृदयनाथ आणि लता मंगेशकरांनी केलेली ती ध्वनिमुद्रिका. महाराष्ट्रातल्या किती शाळांत तिच्यातली गाणी बसवली गेली असतील, त्याची गणतीच नाही. मीही मोबाइलवर गाणं लावून तीस मुलांना त्याच पट्टीत गायला लावलं. लेकरांच्या मानेच्या शिरा फुगल्या. गाणं कुठलं, नुसता आरडाओरडा!

आमच्या गल्लीत एक निवृत्त संगीतशिक्षक राहतात. नातवाला न्यायला आले होते. दारातूनच म्हणाले, “बाई, लेकरांना ओरडायला का लावताय? गाणं थोडं खाली घ्या की! गाणं काय छताला बांधलंय?” त्यांनी पेटी पुढे ओढली, सूर तीन पट्ट्यांनी उतरवला, ठेका जरा सावकाश केला. तीच मुलं, तेच गाणं; पण आता शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला.

त्या रात्री भांडी घासता घासता माझ्या मनात आलं, मुलांना ही सवलत एका मिनिटात मिळाली. मग ती मी स्वतःला सहा वर्षं का दिली नाही?

दुसऱ्या दिवशी गुरुजींना तसं विचारलं. ते हसले नि म्हणाले, “रेकॉर्ड ही बियाण्यासारखी असते, बाई. तुम्ही तिची मोजपट्टी केलीत.” मग त्यांनी मला एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. काही मी पुढे स्वतः वाचल्या, ऐकल्या. त्यातल्या निवडक तुमच्यापुढे ठेवते.

‘चाल’ घेणं ही चोरी नव्हे

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं पाहिली आहेत का? अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 सालचं. अशा पुस्तकांत पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या कुठल्यातरी माहितीच्या गाण्याचा उल्लेख असायचा. म्हणजे हे पद अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणा! त्यात लपवाछपवी नव्हती. कीर्तनातल्या चाली, साकी-दिंडी, बायकांची गाणी, कर्नाटकातल्या चाली असं सगळं त्या रंगभूमीवर आलं आणि तिथलंच होऊन गेलं. 1919 साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, तेव्हा बालगंधर्वांनी त्यातल्या काही चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्याकडून घेतल्या. लावणी-ठुमरी गाणाऱ्या बाईची चाल सोशिक सिंधूच्या तोंडी आली आणि साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि आपल्या आज्या-पणज्या तरी दुसरं काय करत होत्या? जात्यावरची चाल एक. पण तिच्यात कुणी भावाला आणलं, कुणी विठोबाला, आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांनी बाबासाहेबांना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बायकांपैकी एकीनेही ‘मला हिच्यासारखं जमत नाही’ म्हणून जातं थांबवलं नाही.

हुबेहूब गाणारा मुलगा

आता कुमार गंधर्वांची गोष्ट ऐका. आपल्या सीमाभागात, बेळगावजवळ सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेला हा मुलगा, शिवपुत्र कोमकली. लहानपणी तो कशासाठी प्रसिद्ध होता ठाऊक आहे? मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाण्यासाठी! लोक थक्क होऊन ऐकायचे. म्हणजे आपण जे करू पाहतो त्यात तो दहा वर्षांचा असतानाच पारंगत होता.

पण तो तिथेच थांबला नाही. मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला. पुढे 1947-48 च्या सुमारास ऐन विशीत क्षयाने गाठलं. हवापालटासाठी मध्य प्रदेशात देवासला जाऊन राहिले. पाचेक वर्षं गाणं बंद. त्या दुखण्यात एक फुप्फुस निकामी झालं. विचार करा, गवयाचं सगळं भांडवल श्वासावर, आणि श्वासच अर्धा! पूर्वीसारखं गायचं म्हटलं असतं तर कुमारांना पेटी माळ्यावरच टाकावी लागली असती. त्यांनी उलट आपल्या श्वासाला पेलेल असं गाणं घडवलं. छोट्या छोट्या, लखलखीत स्वरवाक्यांचं. अंथरुणाला खिळले असताना कानावर पडणारी माळव्यातली लोकगीतं, नाथपंथी जोगी-फकिरांची निर्गुणी भजनं त्यांनी मनात साठवली आणि पुढे स्वतःच्या रीतीने मांडली.

1965 साली त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला, पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. नाव काय दिलं? ‘मला उमजलेले बालगंधर्व’. मैत्रिणींनो, ‘उमजलेले’ हा शब्द नीट पाहा. हुबेहूब गाण्यात ज्याचा हातखंडा, तो म्हणतो आहे की मी नक्कल करणार नाही. त्या गाण्यातलं मला काय उमजलं ते गाईन. त्यात बालगंधर्वांविषयी आदर तर आहेच, पण स्वतःचा आवाज लपवलेला नाही.

दुसरं उदाहरण हुबळीच्या गंगूबाई हनगल यांचं. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यांतला आवाज बारीक, उंच, चारचौघींसारखा गोड. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज पार बदलला, भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. नुसता आवाज ऐकणाऱ्याला बाई गाते आहे की बुवा, असा प्रश्न पडावा! आपल्यापैकी कुणी असती तर आरशासमोर रडत बसली असती. गंगूबाईंनी त्याच आवाजात पुढची कित्येक दशकं गायन केलं, आणि आज जग त्यांना त्याच आवाजाने ओळखतं.

एकच गीतरामायण, किती गळे!

आणि घरोघरचं गीतरामायण? 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं ते 1956 च्या रामनवमीपर्यंत चाललं. गदिमांची 56 गीतं, बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. तेव्हा ती गाणी वेगवेगळ्या गळ्यांतून आली होती. सीतेची बहुतेक गाणी माणिक वर्मांकडे, कौसल्येसाठी ललिताबाई फडके. लताबाईही त्यात होत्या, वसंतराव देशपांडेही होते. पुढे बाबूजींनी राम, सीता, कौसल्या, भरत सगळ्यांचीच गाणी एकट्याच्या गळ्यातून गाऊन गावोगाव कार्यक्रम केले आणि 1965 मध्ये त्यांच्या आवाजात दहा मोठ्या तबकड्यांचा संच निघाला. सीतेचं दुःख पुरुषाच्या आवाजात, पुरुषाच्या पट्टीत! कुणाला खटकलं का? उलट आज आपल्या कानात तोच आवाज आहे. हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू, बंगाली, संस्कृत, कोंकणी अशा भाषांत त्याचे अनुवाद झाले, ते बाबूजींच्याच चालींवर गायले जातात. म्हणजे शब्द बदलले तरी चाल टिकली आणि गळे बदलले तरी गाणं टिकलं.

आमच्या नांदेडात तर हे रोज कानावर पडतं. पहाटे गल्लीतल्या मंदिरात टाळ-मृदंगावर नामदेवांचे अभंग चालतात. तेच नामदेव सचखंड गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनातही भेटतात, कारण त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि ती रागांच्या क्रमाने लावलेली आहेत. इथे मराठी अभंग, तिथे हिंदी पदं. इथे वारकरी चाल, तिथे रागदारी. संत एकच. कुठलं गाणं खरं, असा प्रश्न गोदाकाठी आजवर कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

आता आपण कसं करायचं?

गुरुजींनी मला जे शिकवलं ते पाककृतीसारखं क्रमाने लिहिते. वहीत उतरवून ठेवा.

1. आधी भरपूर ऐका. आठ दिवस नुसतं ऐका, गाऊ नका. शक्य असेल तर तेच गाणं दोन-तीन गायकांचं ऐका. प्रत्येकाने कुठे थांबा घेतला, कुठला शब्द सांभाळला, ते आपोआप कळू लागतं. आपली पट्टी म्हणजे आळशीपणाला परवाना नव्हे!

2. स्वतःची पट्टी शोधा. पेटीवर एक सूर धरून ‘सा’ लावा. त्या ‘सा’पासून खालच्या पंचमापर्यंत आवाज न घोगरता गेला पाहिजे आणि वरच्या मध्यमापर्यंत न किंचाळता. दोन्हीकडे जमलं की ती तुमची पट्टी. साधारणपणे बायका काळी चार, काळी पाचच्या आसपास गातात. पण चाळिशीकडे जाताना, बाळंतपणानंतर, थायरॉइडच्या दुखण्यात आवाज उतरू शकतो. माझी पट्टी निघाली काळी तीन. त्यात लाज कसली? साडीचा ब्लाउज आपण आपल्या मापाचा शिवतो, नटीच्या मापाचा नाही!

3. गाण्यातला सर्वात उंच सूर आधी गाऊन पाहा. तिथे गळा ताणला जात असेल तर सगळं गाणं अर्ध्या-एका सुराने खाली घ्या. मधेच एखादी ओळ खाली ओढून वेळ मारून नेऊ नका; चाल मोडते.

4. श्वासाच्या खुणा करा. गाणं वहीत लिहून जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारा. शब्दाच्या मध्ये श्वास नको. रेकॉर्डवर एका दमात घेतलेली ओळ तुम्ही दोन दमांत घेतलीत तरी चालेल. पण अर्थ तुटता कामा नये.

5. वाद्यांचं काय? रेकॉर्डवर व्हायोलिनं, सतार, बासरी असते. घरात पेटी आणि फार तर तबला. मधल्या संगीताच्या जागी पेटीवर धृपदाची ओळ वाजवा, नाहीतर मैत्रिणींनी मिळून धृपद म्हणावं. आमच्या भजनात चौघी मागे धरतात, त्याने मुख्य गाणारीला दमही घेता येतो.

6. ठेका जपून बदला. सहा मात्रांचा दादरा काढून आठ मात्रांचा केहरवा लावला की शब्दांवरचा जोर हलतो. आधी शब्द नुसते टाळीवर म्हणून पाहा. भलत्याच अक्षरावर टाळी पडू लागली तर मूळ ठेकाच बरा. लय मात्र तुमच्या गळ्याला सोसेल तशी सावकाश ठेवायला हरकत नाही.

7. हरकती उधार घेऊ नका. रेकॉर्डमधली एखादी अवघड तान येत नसेल तर ती सोडा, सरळ सूर लावा. सरळ लागलेला सूर चुकलेल्या तानेपेक्षा केव्हाही गोड.

8. शब्द बदलू नका, आणि गाण्याआधी कवी आणि संगीतकार यांची नावं सांगा. घरगुती बैठकीत, विनातिकीट हौशी कार्यक्रमात गायला हरकत नसते. पण तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल, किंवा गाणं ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे आणायचं असेल तर आधी परवानगी विचारावी. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो.

एवढं करून मी एक दिवस दुपारी, सगळे बाहेर गेल्यावर, तेच कोजागिरीचं गाणं काळी तीनमध्ये गायले. लताबाईंसारखं झालं का? मुळीच नाही. पण अंतऱ्याला आवाज फाटला नाही. आणि गंमत म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं लक्ष त्या अंतऱ्याच्या अर्थाकडे गेलं. आधी सगळा जीव नुसता सूर गाठण्यात अडकलेला असे. डोळे पुसले तर दारात सासूबाई उभ्या! देवळातून लवकर परतल्या होत्या. म्हणाल्या, “बंद का केलीस गं पोरी? म्हण की. मी इथंच बसते, शेंगा फोडते.”

आईचा सूर

गेल्या रामनवमीला पेटी घेऊन मी लातूरला गेले. लोहा, अहमदपूर करत एस. टी. चालली होती, आणि पेटी पायाशी पाहून कंडक्टर म्हणाले, “ताई, कीर्तनाला का?” म्हटलं, “आईकडे.”

आईचा टेपरेकॉर्डर केव्हाच बंद पडलाय. पण गीतरामायणाच्या कॅसेटी तिने अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. दुपारी सुंठवडा वाटून झाल्यावर मी पेटी काढली नि म्हटलं, “आई, कौसल्येचं गाणं म्हण.” ती लगेच हात हलवत म्हणाली, “छे गं! बासष्ट वर्षांची बाई मी. माझा आवाज कुठं राहिलाय आता?” मी काहीच बोलले नाही. पेटीवर एकेक पट्टी खाली येत गेले आणि प्रत्येक वेळी तिला नुसता ‘सा’ लावायला सांगितलं. काळी तीनला तिने मान हलवली. पांढरी चारलाही. पांढरी तीनला मात्र तिचा सूर असा स्थिर लागला की तीच चकित झाली.

मग ती गायली. कॅसेटपेक्षा सावकाश, मध्ये मध्ये थांबत. तिसऱ्या अंतऱ्याचे शब्द विसरली, ते मी पुरवले. माझी सात वर्षांची लेक आजीला टेकून बसली होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “आजी, तू हे गाणं कधी शिकलीस? तू तर कधीच म्हणत नाहीस!” आईने तिला जवळ घेतलं. तीस वर्षं गप्प का बसलो, हे सात वर्षांच्या पोरीला काय सांगणार?

म्हणून मैत्रिणींनो, आज दुपारी वाळवणं-निवडणं आटोपलं की स्टूल लावून माळ्यावरची ती पेटी तेवढी खाली काढा. भात्यात धूळ असेल, एखादी पट्टी अडकत असेल, दुरुस्त होते ती. तुमच्या आवडीचं गाणं पुन्हा एकदा मन लावून ऐका, मग मोबाइल बंद करा आणि तुमचा ‘सा’ कुठे लागतो ते पाहा. दोन पट्ट्या खाली लागला तर लागू द्या. गाणं त्यांचंच आहे; पण गाणार तर आपणच आहोत ना?